९४ टक्क्यांचे ६१ कसे झाले, ते एसओपीत लिहा

परदेशी विद्यापीठात पीएचडीचे अर्ज वाचणारा माणूस बहुधा त्याच विभागातला प्राध्यापक असतो. शिकवणं, स्वतःचं संशोधन, विद्यार्थ्यांचे प्रबंध हे सगळं सांभाळून तो अर्जांची यादी उघडून बसतो. प्रत्येक अर्जात ट्रान्सक्रिप्ट, सीव्ही, दोन-तीन शिफारसपत्रं आणि तुमचं स्टेटमेंट, म्हणजे तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं निवेदन, असतं. त्याच्या मनातला प्रश्न साधा आहे. हा मुलगा किंवा ही मुलगी पुढची काही वर्षं इथे राहून हे काम निभावेल का? आणि ते शिकवायला आमच्याकडे योग्य माणसं आहेत का?

ट्रान्सक्रिप्टवरून कुठल्या विषयात किती गुण मिळाले ते कळतं. सीव्हीवरून कुठे, कधी, काय केलं ते कळतं. शिफारसपत्रावरून तुम्ही दुसऱ्यांना कसे वाटलात तेही कळतं. या तिन्हींतून एक गोष्ट मात्र कळत नाही: काम करताना तुमच्या डोक्यात काय चाललं होतं? ही वाट का धरली, ती का सोडली, अडलं तिथे काय केलं, आता कुठला प्रश्न पिच्छा सोडत नाही? स्टेटमेंट या रिकाम्या जागेसाठी असतं. ते सीव्हीची वाक्यं जोडून केलेला परिच्छेद झालं, तर वाचणाऱ्याला नवं काहीच मिळत नाही आणि तुमची एकमेव बोलती जागा वाया जाते. मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

आधी नावांचा गोंधळ मिटवू, कारण त्यात चांगली मुलंही फसतात. आपण सगळ्याला सरसकट एसओपी म्हणतो, पण विद्यापीठं वेगवेगळ्या गोष्टी मागतात. स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे खरं एसओपी, हे कामाबद्दल असतं: आजवर काय केलं, पुढे कुठल्या प्रश्नावर काम करायचं आहे, ते इथेच का. पर्सनल स्टेटमेंट किंवा पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट हे माणसाबद्दल असतं: तुम्ही इथवर कसे आलात, वाटेत काय अडलं, त्यातून तुमच्या कामाला कुठलं वळण लागलं. अमेरिकेतलं बर्कली विद्यापीठ पदव्युत्तर अर्जात हे दोन्ही वेगवेगळं मागतं, मिशिगन विद्यापीठही तसंच करतं. अशा ठिकाणी एकच मजकूर थोडा फिरवून दोन्हीकडे चिकटवला, तर तो ताबडतोब कळतो, कारण दोन्ही कागद एकाच माणसासमोर असतात.

ब्रिटनमध्ये मात्र मास्टर्सच्या अर्जात 'पर्सनल स्टेटमेंट' असं म्हटलं असलं, तरी अपेक्षा बहुतेक वेळा एसओपीचीच असते: विषयाची तयारी आणि याच अभ्यासक्रमाचं कारण. युरोपात इतरत्र 'मोटिव्हेशन लेटर' हा शब्द दिसेल. तिथे पीएचडीची जागा अनेकदा नोकरीसारखी जाहीर होते, प्रकल्प आधीच ठरलेला असतो, म्हणून पत्रही त्या प्रकल्पाला धरूनच लिहायचं असतं. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणासाठी जो सामाईक अर्ज आहे, त्यात वैयक्तिक निवेदनाला मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि तिथला प्रश्न 'डॉक्टरच का' हा असतो. अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी असलेल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या संशोधन फेलोशिपमध्ये वैयक्तिक निवेदनाला ३ पानं आणि संशोधन आराखड्याला वेगळी २ पानं असतात. म्हणजे मागणारा बदलला की कागदही बदलतो.

यात आणखी एक खड्डा आहे. 'पर्सनल स्टेटमेंट कसं लिहावं' असं शोधलं, की समोर येणारा बराचसा सल्ला ब्रिटनच्या पदवी प्रवेशाचा असतो. तो अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातो. तिथे ४,००० अक्षरांची मर्यादा आहे, आणि २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. बारावीनंतरच्या मुलांसाठीचा तो सल्ला मास्टर्स-पीएचडीला लावू नका. तिथे छंद आणि नेतृत्वगुण यांना थोडीफार जागा असते. संशोधनाच्या अर्जात खोखोचं कर्णधारपद सांगायची गरज नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक विद्यापीठाचा प्रश्न जसाच्या तसा एका कागदावर उतरवून घेणं आणि त्यातली क्रियापदं अधोरेखित करणं. 'वर्णन करा', 'स्पष्ट करा', 'अनुभवाने तुम्हाला कसं घडवलं' या तिन्हींची उत्तरं वेगळी असतात.

आता एका मसुद्याकडे जवळून पाहू. संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी माझ्याकडे मसुदा घेऊन आली होती. मूळ मजकूर इंग्रजीत होता, मी मराठीत सांगते. तिच्या प्रकल्पाचा परिच्छेद असा होता:

"शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी पक्ष्यांच्या आवाजावरून त्यांची जात ओळखणारी प्रणाली विकसित केली आणि ९४ टक्के अचूकता मिळवली. या प्रकल्पातून मला मशीन लर्निंगचं सखोल ज्ञान मिळालं, संघात काम करायला शिकता आलं आणि संशोधनाची माझी आवड अधिक दृढ झाली."

चूक काहीच नाही. व्याकरण ठीक, आकडा आहे, नम्रता आहे. पण यातला 'पक्ष्यांच्या आवाजावरून' हा तुकडा काढून दुसरा कुठलाही प्रकल्प घातला, तरी परिच्छेद तसाच चालेल. म्हणजे त्यात ती कुठेच नाही.

मी तिला विचारलं, "९४ आले तेव्हा काय वाटलं?"

ती थोडी थांबली. म्हणाली, "खरं सांगू मॅडम? मला ते पटलंच नव्हतं."

आणि मग तिने जे सांगितलं, त्याला अर्धा तास लागला. चुकलेल्या फाइल्स ती रात्री हेडफोन लावून एकेक ऐकत होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की एका जातीचे जवळजवळ सगळे आवाज एकाच जुन्या रेकॉर्डरवर टिपलेले आहेत आणि त्या रेकॉर्डरची बारीक घरघर प्रत्येक फाइलमध्ये आहे. मॉडेल, म्हणजे नमुन्यांवरून शिकलेला तिचा प्रोग्रॅम, पक्ष्याला ओळखतच नव्हतं, ते घरघर ऐकून उत्तर देत होतं. तिने चाचणी पुन्हा रचली. ज्या रेकॉर्डरच्या फाइल्स मॉडेलला शिकवताना वापरल्या, त्या रेकॉर्डरची एकही फाइल तपासणीत ठेवली नाही. अचूकता ६१ टक्क्यांवर आली.

"अगं, मग हे लिहिलं का नाहीस?"

"६१ लिहिलं तर प्रकल्प फसला असं नाही का वाटणार?"

ही भीती अगदी खरी आहे. आपल्याला शाळेपासून गुणपत्रिकेतला मोठा आकडा पुढे करायची सवय लागलेली असते. पण समोर बसलेला प्राध्यापक आयुष्यभर असेच फसवे ९४ पाहत आलेला आहे. एखाद्या पदवीच्या मुलीला स्वतःच्याच यशाचा संशय आला, तिने तो तपासला आणि आकडा पडल्यावर तो लपवला नाही, हे त्याला दिसलं तर त्याचा हात तिथे थांबतो. कारण पीएचडीची वर्षं बरीचशी याच कामात जातात.

तिने नंतर लिहिलेला परिच्छेद हा:

"आमचं मॉडेल ९४ टक्के वेळा बरोबर उत्तर देत होतं. चुकलेल्या फाइल्स ऐकताना माझ्या लक्षात आलं, की एका जातीचे जवळजवळ सगळे आवाज एकाच रेकॉर्डरवरचे होते आणि मॉडेल पक्ष्याऐवजी त्या रेकॉर्डरची घरघर ओळखत होतं. मी रेकॉर्डरनुसार फाइल्स वेगळ्या करून चाचणी पुन्हा घेतली. अचूकता ६१ टक्क्यांवर आली. घरघर गाळून पाहिल्यावर काही जातींच्या बाबतीत सुधारणा झाली, काहींच्या बाबतीत झाली नाही. हा फरक का पडतो, ते मला अजून सांगता येत नाही. उपकरण किंवा जागा बदलली तरी टिकेल असं काही मॉडेलला शिकवता येतं का, या प्रश्नावर मला पुढे काम करायचं आहे."

बघा, 'चिकाटी', 'आवड', 'सखोल ज्ञान' यातला एकही शब्द इथे नाही. तरी वाचल्यावर ही मुलगी चिकाटीची आहे, असं आपणच म्हणतो. दावा लेखकाने केला तर वाचणारा तो तपासायला बसतो. तोच निष्कर्ष वाचणाऱ्याने स्वतः काढला, तर त्याला तो आपला वाटतो. शेवटची दोन वाक्यंही महत्त्वाची आहेत. त्यांच्यामुळे जुना प्रकल्प संपत नाही, तो पुढच्या प्रश्नाच्या हातात हात देतो. 'पुढे काय करायचं आहे' हा वेगळा परिच्छेद जुळवत बसावं लागत नाही.

तुमच्याकडे असा रेकॉर्डर नसेल असं वाटत असेल, तर स्वतःला काही प्रश्न विचारून पाहा. कुठल्या क्षणी तुम्हाला दोन वाटांपैकी एक निवडावी लागली? कुठलं गृहीतक खोटं निघालं? गाइडने सांगितलेलं नसताना तुम्ही काय तपासलं? इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा क्षण एखाद्या जुन्या दस्तऐवजात भेटतो, जिथे अपेक्षित नाव सापडत नाही आणि नसलेल्या नावाचाच प्रश्न होतो. नोकरी करून परत शिकायला निघालेल्याला तो कामावर भेटतो: रोज वापरत असलेली पद्धत का चालते, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ते न कळणं सहन होत नाही. क्षण छोटा असला तरी चालतो. तो तुमचाच असावा, आणि त्यात तुम्ही काहीतरी ठरवलेलं असावं.

हे शोधताना मी मुलांना नेहमी सांगते, की आधी लिहू नका, बोला. एखाद्या मित्राला फोनवर आपल्या भाषेत, दहा मिनिटं, 'मी नक्की काय केलं' ते सांगा आणि ते रेकॉर्ड करा. परक्या भाषेत लिहायला बसलं की आपण जड शब्दांच्या आडोशाला जातो. आपल्या भाषेत बोलताना 'अरे, मग मला कळलं की ते सगळं चुकीचं होतं' असं सहज तोंडातून येतं, आणि स्टेटमेंटचा गाभा बहुतेक वेळा त्याच वाक्याच्या आसपास असतो.

सुरुवातीबद्दल बोलायला हवं, कारण मुलं तिच्यावर आठवडे घालवतात. 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं' ही सुरुवात का नको, हे एका प्रसंगातून छान कळतं. २००७ मध्ये यूकासने पदवीच्या सुमारे ५० हजार अर्जांमधली निवेदनं एकमेकांशी पडताळून पाहिली. त्यात २३४ अर्जदारांनी जवळपास एकच आठवण लिहिली होती: वयाच्या आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोकं पडल्याची. इंटरनेटवरच्या एका नमुन्यातून ती उचललेली होती. उचलेगिरी हा वेगळा मुद्दा झाला. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती आठवण २३४ जणांना चालली, कारण बालपणाची आठवण कुणालाही चालते. तुम्ही आठव्या वर्षी काय केलं, यावरून तुम्ही आता संशोधन कसं कराल ते कळत नाही. बालपण खरोखरच कामाशी जोडलेलं असेल, म्हणजे घरात एखादा आजार असेल आणि आज तुम्ही त्याच आजारावर काम करत असाल, तर जरूर लिहा. पण दोन वाक्यांत, आणि लगेच आजवर या.

थोरामोठ्यांच्या वचनाने सुरुवात करू नका. तुमच्या मोजक्या शब्दांतले वीस शब्द दुसऱ्याला देऊन टाकण्यात अर्थ नाही. सरळ प्रश्नाने किंवा कामाने सुरू करा. खरं तर सुरुवात शेवटी लिहावी. मधले दोन परिच्छेद नीट जमले, की सुरुवातीचं वाक्य बहुधा त्यांच्यातच सापडतं.

'हेच विद्यापीठ का' हा भाग मला सर्वांत जास्त वेळ देण्यासारखा वाटतो, आणि मुलं तो शेवटच्या रात्री लिहितात. 'आपल्या प्रतिष्ठित विद्यापीठातील जागतिक दर्जाचे प्राध्यापक आणि अत्याधुनिक प्रयोगशाळा' हे वाक्य ज्याला पाठवता, त्याला स्वतःचं विद्यापीठ प्रतिष्ठित आहे हे माहीत असतं. सोपी कसोटी सांगते. त्या परिच्छेदातलं विद्यापीठाचं नाव खोडा आणि दुसरं घाला. परिच्छेद तरीही चालत असेल, तर तो कुणालाच उद्देशून लिहिलेला नाही.

मग काय लिहायचं? ज्यांच्यासोबत काम करावंसं वाटतं, त्या दोन-तीन प्राध्यापकांचे गेल्या काही वर्षांतले शोधनिबंध वाचायचे. सगळे नाही, प्रत्येकी एक-दोन, पण नीट. मग तुमचा प्रश्न त्यांच्या कामाला कुठे स्पर्श करतो, ते एका वाक्यात सांगायचं. माझ्या त्या विद्यार्थिनीने एका ठिकाणी एवढंच लिहिलं, की तिथल्या एका गटाने समुद्रातल्या आवाजांवर वापरलेली पद्धत तिच्या रेकॉर्डरच्या अडचणीला लावून पाहावीशी वाटते, पण पक्ष्यांच्या नोंदी फार छोट्या असल्यामुळे ती तशीच्या तशी चालणार नाही असा तिचा अंदाज आहे. या 'चालणार नाही' मुळे तिने निबंध खरंच वाचला आहे हे कळतं. स्तुतीतून ते कळत नाही.

नावं लिहिण्याआधी त्या प्राध्यापकांचं स्वतःचं पान उघडून पाहा. निवृत्त झालेले, दुसरीकडे गेलेले, 'या वर्षी नवे विद्यार्थी घेत नाही' असं स्पष्ट लिहिलेले, अशांची नावं अर्जांत दिसली की मला फार हळहळ वाटते, कारण ती दहा मिनिटांच्या कष्टाने टळणारी चूक असते. एकाच माणसाचं नाव लिहिणंही जोखमीचं असतं. अमेरिकेत जीवशास्त्राच्या अनेक विभागांत पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे फिरतो आणि मग गाइड ठरतो, म्हणून तिथे एकाहून जास्त नावं असणं स्वाभाविक आहे. ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत पीएचडीसाठी मात्र पुष्कळदा आधी मार्गदर्शकाशी बोलणी करावी लागतात. त्यांची तयारी असेल तर अर्जाला वजन येतं. मास्टर्स जर फक्त अभ्यासक्रमाचं असेल, प्रबंध नसेल, तर प्राध्यापकांच्या नावांची माळ नको. तिथे कुठले विषय तुम्हाला हवे आहेत आणि ते झाल्यावर काय करणार, हे पुरे.

आता सगळ्यांत नाजूक भाग. कमी गुण, अडकलेले विषय, मधली रिकामी वर्षं, आजारपण, घरातलं संकट.

२००६ मध्ये ड्र्यू ॲपलबी आणि कॅरन ॲपलबी यांनी 'टीचिंग ऑफ सायकॉलॉजी' या नियतकालिकात एक पाहणी छापली. अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश समित्यांच्या ८८ प्रमुखांना त्यांनी विचारलं होतं, की चांगला अर्ज कशामुळे हातचा जातो. उत्तरांचे जे गट पडले, त्यात नुकसान करणारं वैयक्तिक निवेदन हा एक मोठा गट होता. गरजेपेक्षा जास्त खाजगी गोष्टी उघड करणं, स्वतःच्या मानसिक आजाराचे तपशील देणं, परोपकाराचा अतिरेकी सूर लावणं अशा गोष्टी त्यात होत्या. विभागाची माहिती न घेता केलेला अर्ज आणि छाप पाडायचे फसलेले प्रयत्न हेही गट होतेच. ही पाहणी एकाच विषयाची आहे आणि तिला बरीच वर्षं झाली, त्यामुळे तिला सगळीकडे लागू होणारा नियम समजू नका. आजारी पडलेल्या माणसाकडे असं पाहिलं जावं, हे मला अन्यायाचं वाटतं. पण वाचणाऱ्यांपैकी काही जण असे असू शकतात, हे माहीत असलेलं बरं.

मी मुलांना एक मापकाठी देते. घटना एका वाक्यात. तिचा अभ्यासावर झालेला परिणाम एका वाक्यात. त्यानंतर काय बदललं, हे पुराव्यासकट एक-दोन वाक्यांत. "दुसऱ्या वर्षी वडिलांच्या आजारपणात मी दोन सत्रं घर आणि कॉलेज दोन्ही सांभाळत होते. त्या काळात दोन विषय राहिले. पुढच्या चार सत्रांत सगळे विषय पहिल्या प्रयत्नात सुटले आणि राहिलेल्या विषयांवर उभा असलेला प्रकल्पही मी पूर्ण केला." एवढं पुरतं. अर्जात 'अतिरिक्त माहिती' असा वेगळा रकाना असेल, तर हे तिथे लिहा, म्हणजे मुख्य मजकूर कामासाठी मोकळा राहतो. आणि तुम्हाला ओळखणारे एखादे शिक्षक हे त्यांच्या पत्रात सांगायला तयार असतील, तर त्याहून चांगलं. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं कारण सबब वाटत नाही.

मात्र पर्सनल हिस्टरी वेगळी मागितली असेल, तर तिथे संकोचू नका. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलं असेल, शिकताना नोकरी करावी लागली असेल, तर ते मोकळेपणाने सांगा. फक्त हे लक्षात ठेवा, की जे तुम्हाला सांगायचं नाही, ते सांगायची सक्ती कुणीही करू शकत नाही. प्रवेश मिळावा म्हणून आपलं सर्वांत मोठं दुःख परक्यांपुढे मांडलंच पाहिजे, असं वाटून रडत लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. तसं नसतं. ज्या गोष्टीबद्दल तुम्ही आज शांतपणे बोलू शकता, तेवढीच लिहा. बाकीची तुमची आहे, ती तुमच्यापाशी राहू द्या.

मदत कुणाची घ्यावी? विषय जाणणारा एक माणूस आणि विषय अजिबात न जाणणारा एक माणूस, दोघांना मसुदा द्या. पहिला तुम्ही कुठे ढिसाळ बोललात ते सांगेल, दुसरा कुठे कंटाळा आला ते. दहा जणांना देऊ नका. दहा जणांच्या दुरुस्त्यांनी मजकूर गुळगुळीत होतो आणि तुमचा आवाज जातो. पैसे घेऊन तयार एसओपी लिहून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्याकडे साचे असतात, आणि साच्याचा दुसरा गणपती त्याच समितीसमोर जाऊ शकतो. लिहून देणाऱ्या एआयचंही तेच. प्रत्येक विद्यापीठाचे त्याबद्दलचे नियम वाचा. काही ठिकाणी मजकूर स्वतःचा असल्याचं अर्जातच लिहून द्यावं लागतं. व्याकरण तपासून घेणं आणि विचारच उसना घेणं यातला फरक तुम्हाला आतून कळतो. त्या यंत्राला तुमच्या रेकॉर्डरची घरघर माहीत नसते. ती तुम्हीच ऐकलेली असते.

एक उपयोगी गोष्ट फार कमी जण करतात: शिफारसपत्र मागताना शिक्षकांना आपला मसुदाही द्या. त्या विद्यार्थिनीने तिच्या गाइडना मसुदा दिला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, हे मी विसरलोच होतो." मग त्यांनी पत्रात तीच घटना त्यांच्या बाजूने लिहिली: सगळे ९४ वर खूश असताना हीच एकटी फाइल्स ऐकत बसली होती. एकच गोष्ट दोन कागदांवर दोन माणसांच्या नजरेने आली, की वाचणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसतो.

वेळापत्रक थोडक्यात. अमेरिकेतल्या बऱ्याच पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. म्हणून ऑगस्टमध्ये बोलायला आणि सप्टेंबरमध्ये लिहायला सुरुवात केलेली बरी. पहिला मसुदा दुप्पट लांब झाला तरी हरकत नाही. मर्यादा १,००० शब्दांची असेल तर १,००० च्या आत या, अक्षरं बारीक करून जागा चोरू नका. शेवटच्या फेरीत मजकूर मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो, तिथे वाक्य मोडा. आणि फाइल पाठवण्याआधी विद्यापीठाचं नाव तपासा. एकाचा मजकूर दुसऱ्याला जाणं फार सर्रास होतं. पुढे आर्थिक मदतीसह प्रवेश मिळाला, तर अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केलेल्या करारानुसार उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. त्याआधी कुणी घाई केली, तर ते विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पाहा.

मुलाखत असेल, तर तुमचं स्टेटमेंट हीच तिची प्रश्नपत्रिका होते. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर तुम्हाला पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे. पाठवायच्या आदल्या रात्री त्या मुलीने मला फोन केला. घरघर गाळण्याच्या एका नव्या तंत्राचं नाव तिने शेवटी घातलं होतं, वजनदार दिसावं म्हणून. मी विचारलं, "हे कसं चालतं, सांगशील?" पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग कीबोर्डचा आवाज आला.

"काढलं," ती म्हणाली.